फॉरमॅट मारायचा नाही

चिवट मालवेअर, म्हणजे संगणकात शिरून उपद्रव करणारा प्रोग्रॅम, काढलं की लगेच निघतं, हीच त्याची ओळख. स्कॅनर फिरतो, दोन-चार नावं लाल अक्षरांत दाखवतो, आपण 'रिमूव्ह' दाबतो, हिरवी खूण उमटते, मशीन रीस्टार्ट होतं. चहा संपायच्या आत तीच नावं त्याच जागी परत हजर. हाकलून देण्याला त्याची काही हरकतच नसते. लिहिणाऱ्याने सगळी अक्कल परत येण्याच्या सोयीवर खर्च केलेली असते. म्हणून असल्या मशीनसमोर बसलं की फाइल कुठे आहे हे मी नंतर बघतो. आधी बघायचं, तिला परत बोलावतंय कोण.

माझ्या मामाचं गिरगावात डीटीपीचं दुकान आहे. ठाकूरद्वारच्या बाजूला, एका चाळीच्या तळमजल्यावर, दोन टेबलं, एक लेझर प्रिंटर आणि छतापर्यंत गेलेले कागदाचे रिम. लग्नामुंजीच्या पत्रिका, हाउसिंग सोसायट्यांचे अहवाल, ज्ञातिसंस्थांची मासिकं ही बारमाही कामं. श्रावण लागला की गणेशोत्सव मंडळांचे अहवाल सुरू होतात. केशवजी नाईक चाळीतला १८९३ सालचा उत्सव हा मुंबईतला पहिला सार्वजनिक गणपती, त्यामुळे या पट्ट्यात अहवाल हा प्रकार फार गांभीर्याने घेतला जातो. देणगीदारांच्या यादीत एखाद्याच्या नावापुढची रक्कम चुकली तर ते भांडण पुढच्या गणपतीपर्यंत पुरतं. आणि नेमकं याच दिवसांत दुकानातलं जुनं मशीन बिनसलं.

जुनं मशीन म्हणजे विंडोज ७. त्यावर पानं मांडायचा पेजमेकर, मराठी फॉन्टचं सॉफ्टवेअर, आणि ते चालावं म्हणून मागे खोचलेला डोंगल, म्हणजे परवान्याची किल्लीच. शेजारच्या नव्या मशीनवर दुकानातला मुलगा कोरलमध्ये डिझाइनं करतो. पण मजकूर, म्हणजे डीटीपीवाल्यांचं 'मॅटर', सगळं जुन्यावर.

लक्षण मामानेच अचूक सांगितलं. "काही चालू नसतं तरी पंखा बोंबलतो. टास्क मॅनेजर उघडला की गप्प. बंद केला की परत सुरू. मी बघतोय हे त्याला कळतं रे."

मी हसलो नाही, कारण ते शब्दशः खरं होतं. दुसऱ्याच्या मशीनवर गुपचूप क्रिप्टोचलन खणणारे कितीतरी प्रोग्रॅम, म्हणजे मायनर, असंच वागतात. मोनेरोसारखं चलन साध्या प्रोसेसरवरही खणता येतं, म्हणून गिरगावातल्या जुन्या डब्यालाही त्यांच्या लेखी किंमत असते. टास्क मॅनेजर उघडला रे उघडला की ते हातातलं काम थांबवतात. माणूस आकडा बघतो, प्रोसेसर जवळजवळ रिकामा, आणि समाधानाने खिडकी बंद करतो. कमाई जाते भलत्याच्या खात्यात, बेस्टचं बिल येतं मामाला.

दुसरं लक्षण गिऱ्हाइकांच्या वाट्याला आलं होतं. इथे लावून काढलेल्या पेनड्राइव्हमधल्या फोल्डरांचे शॉर्टकट व्हायचे. मी गेलो तेव्हा कॉलेजातली एक मुलगी काउंटरवर रडवेली उभी होती, प्रबंधाचा फोल्डर गेला म्हणून. गेला नव्हता. हा प्रकार फाइली पुसत नाही. फोल्डरला 'लपलेला' आणि 'सिस्टीमचा' अशा दोन खुणा लावतो आणि त्याच नावाचा शॉर्टकट पुढे करतो. शॉर्टकटवर क्लिक केलं की आधी व्हायरस चालतो, मग खरा फोल्डरही उघडतो, त्यामुळे कुणाला संशय येत नाही. तिच्या घरच्या अँटिव्हायरसने इमानाने शॉर्टकट तेवढे उडवले, खुणा तशाच ठेवल्या, आणि पेनड्राइव्ह रिकामा दिसू लागला. ॲट्रिब नावाची डॉसच्या जमान्यातली एक आज्ञा आहे, ती दिली की दोन्ही खुणा निघतात. एका ओळीचं काम. याच एका ओळीचे 'डेटा रिकव्हरी' अशा भारदस्त नावाखाली पैसे घेणारे महाभाग मी पाहिलेत, आणि घाबरून पेनड्राइव्ह फॉरमॅट करून डेटा खरोखर घालवणारेही.

पेनड्राइव्हची ही भानगड जुनीच. सायबर कॅफेंच्या दिवसांत 'न्यू फोल्डर डॉट ईएक्सई' कुणाला भेटला नाही? चिन्ह फोल्डरचं, आत प्रोग्रॅम. ओळखीच्या फाइलींच्या नावातलं डॉटनंतरचं शेपूट विंडोज आपणहून लपवतं, तेवढ्या एका सोयीवर त्याचा संसार चालला. त्यात ऑटोरनची भर: पेनड्राइव्ह खोचला की त्यावरची ऑटोरन फाइल विंडोज वाचणार. नोव्हेंबर २००८ मध्ये आलेल्या कॉन्फिकर नावाच्या मालवेअरने नेटवर्कबरोबर हाही रस्ता वापरला, आणि त्याच्या कर्त्यांना पकडून देणाऱ्यासाठी मायक्रोसॉफ्टने अडीच लाख डॉलरचं बक्षीस लावलं. पेनड्राइव्हवरचं ऑटोरन जुन्या विंडोजमध्ये बंद करणारं अपडेट सगळ्यांपर्यंत पोचलं ते २०११च्या फेब्रुवारीत. तोवर मुंबईच्या संगणक-बाजारात, लॅमिंग्टन रोडवर, काम करणाऱ्यांकडे एक झकास तोडगा असायचा: पेनड्राइव्हवर ऑटोरन फाइलच्याच नावाचा रिकामा फोल्डर करून ठेवायचा. एका जागी एकाच नावाची फाइल आणि फोल्डर नांदू शकत नाहीत, त्यामुळे व्हायरसला आपली फाइल लिहिताच येईना. पुढे काही व्हायरस तो फोल्डर बाजूला करायला शिकले, ते सोडा. कल्पना मला आजही आवडते.

मामाच्या मशीनचं दार मात्र पेनड्राइव्हने उघडलं नसावं. दुकानातल्या मुलाने कोरलचं क्रॅक, म्हणजे पैसे न भरता ते चालवायची चोरटी फाइल, नव्या मशीनवर टाकण्याआधी या जुन्यावर चालवून पाहिलं होतं. 'जुन्यावर काय बिघडणार' हा त्याचा हिशेब. क्रॅकबरोबर येणाऱ्या रीडमीतली पहिली सूचना बहुधा एकच असते, अँटिव्हायरस बंद करा. दुसरी, ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा. पहारेकऱ्याला सुट्टी आणि आलेल्याला तिजोरीच्या किल्ल्या, दोन्ही आपल्याच हाताने.

चोरीच्या सॉफ्टवेअरवर नीतीचा तास घ्यायची मला हौस नाही. एका पत्रिकेमागे मामाला काय सुटतं ते मला माहीत आहे. पण एक साखळी सांगायलाच हवी. चोरीचं विंडोज टाकून देणारा माणूस जाता जाता अपडेट बंद करून जातो, कारण अपडेट आलं की त्याने केलेलं ॲक्टिव्हेशन उडायची भीती. १२ मे २०१७ला वानाक्राय हा फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा मालवेअर पसरला. तो ज्या भोकातून शिरला ते बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिलं होतं. तरी त्यात अडकलेली बहुतेक मशीनं विंडोज ७ची निघाली. औषध दोन महिने आधी घरात येऊन पडलेलं, आणि पुडी फोडायची मनाई.

असो. कामाला लागलो. अँटिव्हायरसची एकही साइट उघडेना, बाकी जग उघडत होतं. हे पाहिलं की होस्ट्स फाइल बघायची. नावं आणि पत्ते यांची ती मशीनची खासगी यादी, विंडोज बाहेर विचारण्याआधी ती बघतं. त्यात सगळ्या अँटिव्हायरसवाल्यांची नावं मशीनच्या स्वतःच्याच पत्त्याकडे वळवलेली होती. यादी साफ केली. दुसरीकडून आणलेला स्कॅनर उघडताच मिटत होता, त्याच्या फाइलचं नाव बदलून 'मुंज पत्रिका नमुना' ठेवलं आणि तो सुरळीत चालला. ज्यांना वाटतं की असले प्रोग्रॅम लिहिणारे अफाट हुशार असतात, त्यांनी हे लक्षात ठेवावं. पुष्कळदा तेही नाव वाचून माणूस ओळखतात.

स्कॅनरने जे काढलं ते अर्थातच परत आलं. मग मी नेटची केबल काढली, पुन्हा काढलं, पुन्हा रीस्टार्ट केलं, आणि ते आलं नाही. केबल लावली, थोड्या वेळात आलं. म्हणजे फाइल मशीनमध्ये कुठे दडून राहत नव्हती, दरवेळी बाहेरून नव्याने उतरत होती, आणि ती उतरवून घेण्याचा हुकूम तेवढा आत कुठेतरी लिहून ठेवलेला होता. स्कॅनर बिचारा फाइली मारत होता. हुकूमनाम्याला हात लागत नव्हता.

त्याशिवाय दोन प्रोसेस, म्हणजे चालू असलेले प्रोग्रॅम, एकमेकींवर राखण ठेवून होत्या. एक मारली की दुसरी तिला उठवायची. इथे मारण्याची घाई उपयोगाची नाही. प्रोसेस एक्सप्लोरर नावाच्या हत्यारात 'सस्पेंड' अशी सोय आहे. दोघींना आधी गोठवायचं. गोठलेली प्रोसेस यादीत जिवंत दिसते, त्यामुळे जोडीदारीण निश्चिंत राहते. दोन्ही गोठल्या की मग सावकाश मारायच्या. हे काम करताना मला दरवेळी थोडा आसुरी आनंद होतो.

प्रोसेस एक्सप्लोरर आणि ऑटोरन्स ही दोन्ही हत्यारं सिसइंटर्नल्सची, मार्क रुसिनोविच आणि ब्राइस कॉगस्वेल यांनी घडवलेली. २००६ मध्ये मायक्रोसॉफ्टने ती कंपनी विकत घेतली, तरी हत्यारं अजून फुकट मिळतात. विंडोज सुरू झाल्यावर न सांगता जे जे सुरू होतं, त्याची यादी ऑटोरन्स देतं. पहिल्यांदा पाहणारा हबकतो, इतक्या नोंदी असतात. मायक्रोसॉफ्टच्या सहीच्या लपवल्या की उरलेलं वाचण्याजोगं होतं. गुलाबी ओळ म्हणजे प्रोग्रॅमवर कुणाची खरी सही नाही. पिवळी म्हणजे ज्या फाइलला बोलवायचं ती फाइलच जागेवर नाही. लोक गुलाबी ओळींमागे धावतात. मी आधी पिवळ्या वाचतो. फाइल मारली गेली आणि बोलावणं मागे राहिलं, असा त्यांचा अर्थ असतो.

मामाच्या मशीनवर रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगांच्या वहीत, एक नोंद होती, ती नेहमीचीच. ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या टास्क शेड्यूलरमध्ये कुठल्याशा सभ्य अपडेटरचं नाव घेतलेलं एक काम होतं, दर थोड्या मिनिटांनी चालणारं. आणि सगळ्यांत आत, डब्ल्यूएमआयमध्ये, तिसरं. मोठ्या कचेऱ्यांतल्या संगणक-व्यवस्थापकांसाठी विंडोजने ही सोय दिली आहे, की अमुक घडलं की तमुक कर असं एकदा सांगून ठेवायचं. साध्या वापरणाऱ्याला ती आहे हेही माहीत नसतं, आणि स्टार्टअपच्या नेहमीच्या यादीत ती दिसत नाही. पहिल्या दोन नोंदी पुसल्या की ही तिसरी त्या पुन्हा लिहीत होती. तिन्ही एकाच बसणीत काढल्या, केबल बाहेर ठेवूनच, आणि मग फाइली. केबल परत लावली. पंखा गप्प राहिला.

"गेलं?" मामाने विचारलं.

इथे मी अडकतो. मामाच्याच काय, कुणाच्याही दुकानात अडकतो. कारण 'गेलं का' हे विचारायचं कुणाला? त्या मशीनलाच. यादी तेच दाखवणार, स्कॅनर त्याच्याच डोळ्यांनी बघणार. आत बसलेल्याने डोळ्यांवरच ताबा घेतला असेल तर? ३१ ऑक्टोबर २००५ला याच रुसिनोविचने लिहिलं, की स्वतःच्या मशीनवर त्याला रूटकिट, म्हणजे विंडोजपासूनच फाइली लपवणारा प्रोग्रॅम, सापडलं. एका ठरावीक खुणेने सुरू होणारं नाव असलं की ती फाइल विंडोजला दिसतच नव्हती. माग काढत गेल्यावर उगम सापडला तो पैसे मोजून आणलेल्या सोनी बीएमजीच्या गाण्यांच्या सीडीत. नकला होऊ नयेत म्हणून कंपनीनेच ते घातलं होतं. बोभाटा झाल्यावर सीड्या परत मागवाव्या लागल्या, पण तोवर त्याच खुणेआड लपणारे दुसरे मालवेअरही निघाले होते. मुंबईच्या फुटपाथवरची सीडी घेऊ नये म्हणून बजावणाऱ्या आम्हा लोकांची त्या वर्षी फार पंचाईत झाली.

त्याच्याही आधी, १९८३-८४च्या सुमारास, फ्रेड कोहेन या अमेरिकन विद्यार्थ्याने व्हायरसवर पहिले प्रयोग केले. 'व्हायरस' हे नाव सुचवणारे त्याचे मार्गदर्शक लेनर्ड ॲडलमन, म्हणजे आरएसए या प्रसिद्ध सांकेतिक लेखनाच्या पद्धतीतला 'ए'. कोहेनने तेव्हाच सिद्ध केलं, की कुठलाही प्रोग्रॅम व्हायरस आहे की नाही हे दरवेळी अचूक सांगेल असा प्रोग्रॅम लिहिताच येत नाही. अँटिव्हायरसची जाहिरात करणारे हे सहसा सांगत नाहीत. सांगावं तरी कसं?

तेव्हा निदान डोळे तरी बाहेरचे आणायचे. काही अँटिव्हायरस कंपन्या लिनक्सवर चालणारी रेस्क्यू डिस्क फुकट देतात. पेनड्राइव्हवर ती घ्यायची, मशीन त्यावरून चालू करायचं, म्हणजे आतलं विंडोज झोपलेलंच राहतं आणि तिथल्या फाइली निव्वळ फाइली म्हणून तपासता येतात. त्यात आणखी काही किरकोळ निघालं. राउटरमधला डीएनएसचा, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणाऱ्या सर्व्हरचा, पत्ता बघून घेतला, तो ठीक होता. ब्राउझरमध्ये साठवलेले सगळे पासवर्ड, मामाच्या बँकेचा, ईमेलचा, जीएसटीचा, फोनवरून बदलायला लावले. मशीन साफ झालं म्हणून बाहेर गेलेले पासवर्ड परत येत नाहीत, हे त्याला पटवण्यातच संध्याकाळ गेली.

आणि एवढं करून मी तेच म्हणालो, जे या धंद्यातला कुणीही म्हणेल. फॉरमॅट मारूया.

"फॉरमॅट मारायचा नाही," मामा म्हणाला. "म्हणजे नाही."

मला वाटलं, सवयीची माया. तसं नव्हतं. त्या मशीनवर दुकानाचं सगळं मॅटर आहे, युनिकोडच्या, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला ठरावीक क्रमांक देणाऱ्या पद्धतीच्या, आधीच्या फॉन्टांमधलं. तिथे 'क' हे अक्षर म्हणून साठवलेलं नसतं. एखाद्या इंग्रजी अक्षराच्या जागेवर 'क'चं चित्र बसवलेलं असतं. फॉन्ट काढला की उरतात रोमन अक्षरं आणि विचित्र चिन्हं. श्रीलिपी या फॉन्टची मांडणी वेगळी, आकृती या फॉन्टची वेगळी, त्यामुळे एकातलं दुसऱ्यात उघडत नाही. पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ सालची, तिला युनिकोड कळत नाही. डोंगलचा ड्रायव्हर ज्या सीडीवर होता तिला मुंबईच्या पावसाळ्यांनी बुरशी धरली आहे. फॉरमॅट मारला तर फाइली वाचतील, पण त्या वाचता येतील असं मशीन मुंबईत मामाकडे दुसरं नाही. त्या खोलीत मालवेअरपेक्षा चिवट काही असेल तर ते हे जुनं एन्कोडिंग होतं. त्याच्यासाठी विंडोज ७, विंडोज ७साठी बंद झालेली अपडेट्स, आणि त्या उघड्या दारातून बाकी सगळं.

मला तेव्हा समोरचं बंदर आठवलं. २७ जून २०१७ला नॉटपेट्या हा मालवेअर पसरला, त्यात जेएनपीटीमधलं, म्हणजे न्हावा-शेवा बंदरातलं, मर्स्क या जहाज कंपनीच्या गटातलं एक टर्मिनल ठप्प झालं. मर्स्कने दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे केले, असं त्यांच्या अध्यक्षांनी पुढे दावोसला सांगितलं. तेवढी मोठी कंपनी, पण तिच्या नेटवर्कचा पाया असलेली नोंदवही जगभर पुसली गेली होती. वाचली ती फक्त घानातल्या कचेरीत, कारण तिथे नेमकी वीज गेली होती आणि ते मशीन बंद पडलं होतं. बेधडक फॉरमॅट मारायला दुसरीकडे एक प्रत लागते. मर्स्कला ती गेलेल्या विजेने दिली. मामाकडे तीही नव्हती.

म्हणून फॉरमॅट मारला नाही. अख्ख्या डिस्कची जशीच्या तशी प्रत काढून दोन ठिकाणी ठेवली. जुन्या मशीनची नेटची केबल कायमची निघाली, आता ते फक्त जुनं मॅटर उघडतं. काउंटरवर माझा एक जुनाट लॅपटॉप लिनक्स टाकून ठेवलाय, गिऱ्हाइकाचा पेनड्राइव्ह आधी त्यात जातो. विंडोजसाठी लिहिलेले ते शॉर्टकट तिथे नुसते पडून राहतात. मंडळांचे सेक्रेटरी कुरकुरतात, "काका, डायरेक्ट लावा ना, घाई आहे," पण मामा आता बधत नाही. दुकानातल्या मुलाने कोरल रीतसर घेतलं का, ते मी विचारलेलं नाही.

आणि रोज संध्याकाळी थोडं थोडं जुनं मॅटर युनिकोडमध्ये उतरवायचं काम चालू आहे. कन्व्हर्टर बरंच बरोबर करतो. पहिली वेलांटी अधूनमधून शेजारच्या अक्षरावर टाकतो, रफार तर हमखास खातो. त्यामुळे एकूण एक पान प्रूफासारखं वाचावं लागतं, आणि मामा ते चष्मा कपाळावर चढवून वाचतो. परवा एका जुन्या अहवालात 'कार्याध्यक्ष'चा रफार उडून 'कायाध्यक्ष' झालेलं त्याला सापडलं. मी दुरुस्त करायला हात पुढे केला, तर म्हणाला, "थांब जरा. त्या वर्षीचा माणूस तू पाहिलेला नाहीस."